दोन फेरे आणि अर्धा मागे

दिवा जरा तिकडे सरकव, डोळ्यांवर येतोय. हां. आता लिहायचं ते लिही, पण मधेमधे विचारू नकोस. माझा धागा तुटतो.

तुझी आई म्हणाली, तू कादंबरी लिहितेस. जुन्या काळातली. त्यात एक बाई गुन्हे शोधून काढते आणि ती बाई म्हणजे आमच्या वन्सं. मला आधी हसूच आलं. अगं, तुझ्या आजोबांच्या त्या थोरल्या बहिणीनं आयुष्यभर कुलुपं दुरुस्त केली. गुन्हे शोधणं लोकांनी त्यांच्या गळ्यात मारलं. झालं असं, की बंद दार उघडायला आधी कुलूपवाल्याला बोलावतात. दाराआड जे असेल ते पहिल्यांदा त्यालाच दिसतं. आणि वन्संच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

त्यांच्या सगळ्या गोष्टी तू गोळा केल्यास म्हणे. ती सराफाची तिजोरी, तो गायब झालेला वकील. एक तेवढी तुला कुणी पुरी सांगितली नाही, कारण ती पुरी मला सोडून कुणाला ठाऊकच नाही. ती आज सांगते. का आज, ते शेवटी कळेल.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे नुकतेच गेले होते. खाली दुकान, वर आमचं घर. रस्त्यावर गॅसचे दिवे होते, घोडागाड्या होत्या, आणि आमच्या दुकानासमोर गाडी वळली की टेबलावरचे सगळे स्क्रू थरथरायचे. वन्सं वडिलांचा चामड्याचा ॲप्रन घालायच्या, वडिलांचेच बूट घालायच्या, पुढे कागद कोंबून. शिट्टी वाजवत काम करायच्या. बाईमाणसानं शिट्टी वाजवायची म्हणजे काय, शेजारणींना झोप लागत नसे. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मी आतून कुलूप लावून घेतलंय."

मला त्या भागूबाई म्हणायच्या. भित्री भागूबाई. उंदराला मी भ्यायचे, विजेला भ्यायचे, सासूबाईंच्या फोटोलासुद्धा भ्यायचे. पण हात चांगला आहे तुझा, असं म्हणून त्यांनी मला दुकानात बसवलं. खरं सांगू? माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ते. सकाळी चहाची किटली खाली न्यायची, दोघींनी एकाच टेबलाशी बसायचं, लोखंडाचा चुरा बोटांना लागायचा आणि दुपारी सगळ्या दुकानाला लवंगेचा वास यायचा.

लवंगेचा का, ते लिहून घे. आमच्या सासऱ्यांचं स्वतःचं तेल होतं. बारीक मशीनच्या तेलात लवंगा घालून बाटली महिनाभर अंधारात ठेवायची. त्यानं गंज चढत नाही असं ते म्हणायचे. खरंखोटं देव जाणे, पण दुसऱ्या कुणाकडे ते तेल नव्हतं. आणि त्या घराचा एक नियम होता: आधी तेल, मग किल्ली. कुठलंही जुनं कुलूप समोर आलं की तीन थेंब सोडायचे, किल्ली घालून दोनदा पुढेमागे फिरवायची, मग पुढचं काम. सासऱ्यांनी हे सगळ्यांच्या हाडीमासी खिळवलं होतं. जेवायच्या आधी हात धुतात ना, तसं. वर्षभरात माझाही हात आपोआप तेलाच्या कुपीकडे जायला लागला.

त्याच हातानं घात केला.

गावात मुलींची एक शाळा होती. तिथल्या मोठ्या बाई निवृत्त होऊन एका दुमजली घरात राहायच्या. एकट्याच, आणि सोबत एक मोलकरीण. विशीतली, नवरा टाकून गेलेला, पदरात एक लहान मुलगी. एका दुपारी मोठ्या बाई वरच्या खोलीत गेल्या त्या खाली आल्याच नाहीत. मोलकरणीनं हाका मारल्या, दार वाजवलं, मग पळत जाऊन बाईंच्या पुतण्याला बोलावून आणलं. त्यानं आणि शेजाऱ्यानं खांदा देऊन चौकट फोडली. बाई दाराशीच पडल्या होत्या. एक हात दाराकडे. छातीत कळ येऊन गेल्या, असं डॉक्टर म्हणाले.

इथवर ठीक होतं. पण खोलीत किल्ली नव्हती. त्या दाराला एकच किल्ली, सासऱ्यांनीच बसवलेलं कुलूप होतं ते, आणि ती किल्ली सापडली मोलकरणीच्या पेटीत, तिच्या मुलीच्या फ्रॉकखाली. पुतण्या म्हणाला, हिनंच बाहेरून कोंडलं. बाई आत ओरडत राहिल्या आणि ही खाली बसून वाट बघत राहिली. घर आपल्या मागे मोलकरणीला द्यायचं, असं बाई चारचौघांत बोलल्या होत्या. म्हणजे कारणही तयारच होतं. त्या काळी असल्या गुन्ह्याला फाशी होती गं.

मोलकरीण एकच सांगत होती. मी चौकीत तिला पाहिलं, वन्संबरोबर गेले होते. रडत नव्हती. म्हणाली, "बाई रोज तीन वाजता आतून कुलूप लावायच्या. दोन फेरे, आणि मग अर्धा मागे. किल्ली बाहेर ढकलली जाऊ नये म्हणून अर्धा मागे. मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या, खुर्ची कुरकुरायची. खाली स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं. ते ऐकलं की मीपण तासभर पाय पसरायचे."

"आतून कशाला लावायच्या?" वन्संनी विचारलं.

"म्हणायच्या, दिवसभर सगळ्यांची बाई असते मी. तासभर कुणाचीच नको."

बाहेर आल्यावर वन्सं फौजदाराला म्हणाल्या, "ही खरं बोलते की खोटं, मला ठाऊक नाही. पण कुलपाला ठाऊक आहे."

ते कसं, तेही नीट लिही, नाहीतर वाचणारे म्हणतील जादूटोणा. दारातलं कुलूप दोन्ही बाजूंनी किल्लीनं फिरतं. ते कुलूप कित्येक वर्षं कुणी खोलून साफ केलं नव्हतं. आतलं तेल धूळ खाऊन डिंकासारखं घट्ट झालेलं असणार. किल्ली आतून घातली तर तिचे दात खोलीकडच्या पत्र्यालगत त्या डिंकात ओरखडा काढतात. बाहेरून घातली तर जिन्याकडच्या पत्र्यालगत. सगळ्यात ताजा ओरखडा ज्या बाजूला, त्या बाजूनं ते शेवटचं लागलं. चौकट फोडून दार उघडलं होतं, कुलपाला कुणी हात लावला नव्हता. कुलपाची जीभ, चौकटीत शिरते ती पट्टी, बाहेर तशीच होती. म्हणजे मोठ्या बाईंचा शेवटचा क्षण त्या पितळी पेटीत जसाच्या तसा होता.

न्यायाधीश म्हणाले, कुलूप उद्या कोर्टात सगळ्यांसमोर खोलायचं. फौजदारानं वन्संना सांगितलं, आज दुपारी जाऊन ते दारातून काढून आणा, तपासाला किल्लीही देतो, आणि सोबत एक हवालदार दिला.

आम्ही गेलो तेव्हा दोन वाजून गेले होते. लख्ख ऊन होतं. घरात मात्र गारवा, आणि खडूचा वास. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी खडूचा वास. वन्सं खाली स्वयंपाकघरात गेल्या, तिथून वरचं किती ऐकू येतं ते बघायला. मला म्हणाल्या, "तू वर हो. हत्यारं मांडून ठेव."

मी वर गेले. जिन्याच्या वर, दाराबाहेर गुडघे टेकून बसले. पिशवी उघडली. कुलूप समोर, किल्ली हातात. आणि देवाशपथ सांगते, मी काही विचारच केला नाही. तीन थेंब सोडले. किल्ली घातली. दोनदा पुढेमागे फिरवली. जीभ सर्रकन आत गेली आणि लवंगेचा वास आला, तेव्हा मला कळलं मी काय केलं ते.

तेलानं आतला सगळा डिंक विरघळला असणार. वर ताजा ओरखडा काढला तो मी, आणि तोही बाहेरून. उद्या कोर्टात कुलूप उघडलं की सगळ्यांना दिसणार, शेवटची किल्ली जिन्याकडून फिरली. माझ्या हातानं मी त्या बाईला फासावर चढवलं होतं.

वन्सं वर आल्या. त्यांना सांगावं लागलंच नाही, त्यांना वास आला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पायरीवरच बसल्या आणि हातरुमालानं चष्मा पुसत राहिल्या.

मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, "वन्सं, आतून एकदा फिरवू. खोलीत जाऊन, आतून. दोन फेरे, अर्धा मागे. वरचा ओरखडा आतला होईल. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"अहो, ती फासावर जाईल."

"ती खरं बोलतेय हे तुला ठाऊक आहे का? मला नाही ठाऊक. तेच विचारायला आलो होतो आपण." मग म्हणाल्या, "माझ्या मनात जे आहे ते कुलपाच्या तोंडून वदवून घेतलं, तर मी आणि तो पुतण्या यांत फरक काय?"

त्यांनी किल्ली माझ्या हातातून घेतली, हवालदाराला वर बोलावलं, त्याच्यासमोर पाकिटात घालून लाख लावली आणि पाकीट त्याच्याकडे दिलं. "आम्हाला आता किल्ली नको," म्हणाल्या. तो खाली जाऊन ओट्यावर बसला. खिडकीतून त्याची पगडी दिसत होती.

मग आम्ही दोघी खोलीत गेलो. कुलपाचे स्क्रू खोलीच्या बाजूनं होते. वन्संनी दार लोटलं, फुटक्या चौकटीला टेकवलं आणि पेचकस काढला. मी मागे भिंतीला चिकटून उभी होते. खिडकीजवळ ती वेताची खुर्ची. तिच्या हातावर बाईंची शाल अजून तशीच टाकलेली. बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं, धप धप, आणि मग ते थांबलं.

शाळेची घंटा झाली. तीनची.

वन्संचा हात स्क्रूवर होता. तो तसाच राहिला.

किल्लीच्या भोकातून आवाज आला. किल्ली आत शिरताना येतो ना, दात चाचपडत जातात तसा… भोक माझ्यासमोर होतं. त्यात किल्ली नव्हती. त्यातून जिन्यावरचा उजेड दिसत होता. आणि मग तो उजेड दिसेनासा झाला.

पहिला फेरा फिरला. कुलपाची जीभ अर्धी बाहेर आली.

दुसरा फेरा. पूर्ण बाहेर.

मग किंचित थांबून… अर्धा मागे. टिक.

"वन्सं…" मी कुजबुजले.

"हलू नकोस," त्या म्हणाल्या. ओठ न हलवता. "ती आपल्या बाजूला आहे."

आत. आतून फिरली होती गं किल्ली. म्हणजे जी कुणी होती ती दाराच्या आणि आमच्या मधे उभी होती. खडूचा वास अगदी माझ्या नाकाशी आला. माझ्या उजव्या दंडावरून काहीतरी गार सरकत गेलं, गर्दीत माणूस अंग चोरून जातं तसं. आणि खिडकीजवळची खुर्ची कुरकुरली. एकदा. मग शांत.

आम्ही किती वेळ उभ्या होतो, सांगता येणार नाही. मला वाटतं चारच्या घंटेपर्यंत. पूर्ण तासभर वन्संनी स्क्रूवरचा हात काढला नाही. घंटा झाल्यावर त्या खुर्चीकडे वळून बघण्याआधी एकच वाक्य बोलल्या, "येते बाई," अगदी शाळेतल्या मुलीसारखं. त्या त्याच शाळेत शिकल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

खुर्ची रिकामी होती. शाल मात्र आता खुर्चीच्या पाठीवर होती.

दुसऱ्या दिवशी कोर्टात माणूस मावत नव्हता. पुतण्या पुढच्या बाकावर, हातांत पांढरे हातमोजे. मोलकरीण पिंजऱ्यात, आणि तिची पोर कुणा शेजारणीच्या मांडीवर झोपलेली. पुतण्याच्या वकिलानं आपला वेगळा कुलूपवाला आणला होता. वन्संनी आणि त्यानं मिळून न्यायाधीशांच्या टेबलावर कुलपाचं झाकण काढलं. मी डोळे मिटून घेतले होते.

तो कुलूपवालाच आधी बोलला. "आतून लागलंय," म्हणाला. "हे बघा. खोलीकडच्या बाजूला. दुसरी खूणच नाही."

मी डोळे उघडले आणि टेबलापाशी गेले. अगं, कुलूप कोरडं होतं. आत माझ्या तेलाचा एक थेंब नव्हता. कित्येक वर्षांचा काळा डिंक, त्यावर धूळ, आणि त्यात एकच स्वच्छ ओरखडा, खोलीकडच्या बाजूनं. मी काढलेली खूण नव्हतीच. लवंगेचा वाससुद्धा नव्हता.

न्यायाधीशांनी वन्संना विचारलं, "ही शेवटची खूण?"

"शेवटची," वन्सं म्हणाल्या. खोटं नव्हतं ते.

मग बाई आतून कोंडून घेऊन गेल्या, तर किल्ली खोलीतच असायला हवी होती. ती मोलकरणीच्या पेटीत गेली कशी, हा प्रश्न आला. चौकट फुटल्यावर आत पहिला कोण शिरला होता, हे शेजाऱ्यानं सांगितलं. पुतण्यानं हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. पुढचं तुला वर्तमानपत्रांत मिळेल. मोलकरीण सुटली, घर तिला मिळालं, आणि दर वर्षी त्या तारखेला तिचं पत्र यायचं. दोनच ओळी. आम्ही बऱ्या आहोत. तुम्ही बऱ्या असा.

तिला तेलाचं कधी कळलं नाही. वन्संनीही तो विषय काढला नाही. फक्त नवं काम आलं, की चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "भागूबाई, तेल नाही ना सोडलंस?" आणि शिट्टी वाजवायला लागायच्या. माफ केलंय हे सांगायची त्यांची ती तऱ्हा होती. मला अजून कधीकधी वाटतं, खालून शिट्टी येईल. खाली आता मोबाइलचं दुकान आहे.

ते कुलूप कोर्टानं किल्लीसकट परत दिलं, आणि मोलकरणीनं ते वन्संना दिलं. जीभ बाहेर, तसंच. वन्संनी ते कधी उघडलं नाही, मलाही उघडू दिलं नाही. "ती आत आहे," म्हणायच्या. "असू दे. तासभर कुणाची नको म्हणाली होती." जाताना माझ्या हातात दिलं त्यांनी. मी फडक्यात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवलं. किल्ली त्यांच्याबरोबरच गेली, मीच ठेवली त्यांच्या मुठीत. इतक्या वर्षांत कितीदा तरी फडकं सोडून बघितलं. जीभ बाहेरच असायची. मला बरं वाटायचं. ती कुठं आहे ते मला ठाऊक होतं.

परवा पत्र आलं. अक्षर वेगळं होतं. मोलकरणीच्या मुलीचं. आई गेल्या मंगळवारी दुपारी झोपेत गेली, असं लिहिलं होतं. म्हातारी होऊन, आपल्या घरात, आपल्या अंथरुणात. मी रडले. सुटल्यासारखं रडले. मग कपाट उघडलं, म्हटलं, वन्संना नाही तर निदान कुलपाला तरी सांगावं.

ते बघ, तुझ्यासमोरच्या ताटलीत ठेवलंय. फडकं बाजूला कर. जीभ कुठंय? आत. बघितलंस ना? आता बोट लाव. भोकापाशी. हुंग.

लवंग.

लवंगेचं तेल बनवणारं आता कुणी उरलेलं नाही. वन्संची शेवटची बाटली मी माझ्या हातानं रिकामी केली, त्याला चाळीस वर्षं झाली. हे माझे तीन थेंब आहेत. त्या दुपारी गेलेले. माझी चूक त्या मोठ्या बाईनं इतकी वर्षं स्वतःकडे ठेवून घेतली, मोलकरणीला जपायचं होतं तोवर. आता परत केली. ठीक आहे. माझी होती, माझ्याकडे आली. त्याचं मला काही वाटत नाही.

मला वाटतं ते दुसरंच. कुलूप उघडलंय. म्हणजे ती बाहेर आली.

आज दुपारी मी इथंच पडले होते. या खोलीला दार नाही, तुला ठाऊक आहे, नुसता पडदा आहे. तीन वाजले. पडदा हलला नाही. पण दोन फेरे ऐकू आले… आणि अर्धा मागे. आणि मग खुर्ची कुरकुरली.

तू जरा उठतेस का गं त्या खुर्चीतून? नाही, घाबरायचं काही नाही. हळू ऊठ, आणि इकडे माझ्याजवळ येऊन बस.

आणि ती शाल राहू दे. ती माझी नाही.